बाविस्करांना पडलेलं एक मत

एका मताने राज्यं उलथतात, सिंहासनं रिकामी होतात, आणि इतिहास नावाचा बैल कूस बदलतो. हे वाक्य भूगोलाचे प्राध्यापक सुकदेव मोतीराम बाविस्कर यांनी सिल्वासाच्या कॉलेजात, विद्यापीठ शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधिपदाचे उमेदवार म्हणून, स्टाफरूममध्ये उभं राहून म्हटलं तेव्हा पंधरा मतदारांपैकी नऊ जण हजर होते आणि त्यातले चार जण जागे होते. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. कॉमर्सच्या भावेश देसाईंना अकरा मतं पडली, तीन मतं बाद झाली आणि बाविस्करांना एक मत पडलं. राज्य उलथलं नाही. स्टाफरूममधल्या एकमेव हातांच्या खुर्चीत देसाई बसले होते, ते बसूनच राहिले. बैलाने फार तर शेपूट हलवली असेल.

हरल्याचं सुकदेवला वाईट वाटलं नाही असं नाही, पण ते ठरलेलं वाईट वाटणं होतं. दातदुखीची तारीख आधी कळलेली असावी तसं. खरा झटका बसला तो संध्याकाळी अथालच्या पुलावर. सायकलवरून घरी जात होता. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि विजेच्या तारांवर अजून पतंग लटकत होते, कागद फाटून गेलेले, नुसत्या कामट्यांच्या फुल्या उरलेले. दमणगंगा खाली जानेवारीतली, दगड दाखवत वाहणारी. पुलाच्या मध्यावर आला आणि त्याच्या लक्षात आलं की ते एक मत त्याचं स्वतःचं नव्हतं. पायडल मारता मारता पाय थांबला. मागून राखोलीच्या कारखान्याची बस हॉर्न देत गेली. तो खाली उतरला आणि सायकल कठड्याला टेकवून उभा राहिला. आपण आपल्याला मत दिलंच नव्हतं. दिलं होतं देसाईला. त्याचे वडील मोतीराम अण्णा गावच्या पंगतीत वाढपी असत, आणि त्यांनी आयुष्यात दिलेली एकच शिकवण अशी की, वाढप्याने आपल्या पानावर जिलबी वाढून घेऊ नये. कुणी वाढली तर नाही म्हणू नये. पडद्याआड, म्हणजे भूगोलाच्या मोठ्या नकाशाआड, कारण दुसरा पडदा कॉलेजात नव्हता, चिठ्ठी हातात धरून उभा असताना अण्णांची जिलबी आडवी आली आणि त्याने सरळ देसाईच्या नावापुढे फुली मारली. मारताना फार बरं वाटलं होतं हेही खरं. मग हे एक मत कुणाचं? या कॉलेजात आपण सोडून चौदा माणसं, त्यातल्या कुणीतरी एकाने नकाशाआड जाऊन, कुणी बघत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, बाविस्कर हा माणूस हवा असं म्हटलं होतं. इथल्या अकरा वर्षांत असं काही घडल्याचं त्याला आठवेना. पुलावरचा वारा चष्म्याच्या आत आला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यामुळेच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शर्टाच्या खिशात एक पाकीट होतं. नाशिकच्या एका कॉलेजने त्याला जूनपासून बोलावलं होतं. होकार शनिवारच्या टपालात पडायला हवा होता. होकार लिहून, तिकीट लावून तयार होता. फक्त पेटीत पडत नव्हता. मंजुळाला नाशिक नको होतं. तिने अथालच्या भाड्याच्या घरामागे कढीपत्ता आणि शेवगा लावला होता, आणि दर रविवारी राखोलीच्या चाळींतून धुळ्या-नंदुरबारकडच्या बाया तिच्याकडे अहिराणी बोलायला येत. आठवडाभर सुपरवायझरची हिंदी ऐकून त्यांचे कान आंबलेले असत. सुकदेवला मात्र वाटे की आपण या गावात पाहुणेच राहिलो. गुजरातीत शिकवायचं, इंग्रजीत पेपर काढायचे, हिंदीत भाजी घ्यायची आणि मराठीत फक्त ठेचकाळायचं. आपण उद्या उठून गेलो तर स्टाफरूमच्या टाइमटेबलात एक चौकोन रिकामा होईल आणि परवा कुणीतरी त्यात अर्थशास्त्र लिहील. म्हणून प्राचार्यांनी मीटिंगमध्ये ‘आणखी कोणी उमेदवार?’ असं दरवर्षीप्रमाणे उपचार म्हणून विचारलं, तेव्हा त्याने हात वर केला होता. लोकांना वाटलं, पंखा बंद करायला सांगतोय. भिका शिपाई तर बटणापर्यंत गेलाही होता. सुकदेवने मनाशी कौल लावला होता: निवडून आलो तर राहायचं, नाहीतर नाशिक. जाहीरनाम्यात एकच मागणी होती, पेपर तपासणीचं केंद्र सिल्वासात आणावं, म्हणजे दर उन्हाळ्यात तीन बसेस बदलून जावं लागणार नाही. आता पुलावर उभं राहून त्याने उत्तीर्ण होण्याची अट पंधरातल्या आठांवरून एकावर आणली. विद्यापीठाचीही साधारण हीच पद्धत होती.

“काय व्हयनं?” मंजुळाने दारातच विचारलं. दोघंच असली की ती अहिराणीत सुरू करी आणि पुस्तकी मराठीत संपवी.

“पडलो.”

“सायकलवरून?”

“निवडणुकीत.”

“मग ठीक,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. आतून तिचा आवाज आला, “किती मतं?”

“एक.”

“तुमचंच ना?”

“नाही. तेच तर.”

भांड्यांचा आवाज थांबला. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं ओळखत असलेल्या माणसाच्या डोक्यावर अचानक तुरा दिसावा तसं. “कुणी दिलं असेल?” तिने हळूच विचारलं, आणि तेव्हापासून त्या घरात दुसरा विषय निघाला नाही. पाकीट खिशातून निघून घड्याळाच्या मागे गेलं.

ती चिठ्ठी सुकदेवने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मोजणीच्या वेळी प्राचार्य एकेक चिठ्ठी डब्यातून काढून वर धरीत, नाव वाचीत आणि भिकाकडे देत; भिका ती तारेत टोचून ठेवी, कारण कॉलेजातला कुठलाही कागद शेवटी तारेत जातो अशी त्याची समजूत होती आणि ती खरीही होती. तीन वेळा प्राचार्य म्हणाले होते, “बरोबरची खूण. बाद.” विद्यापीठाच्या परिपत्रकात पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोर फुलीच मारावी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते त्यांनी मतदानाआधी वाचूनही दाखवलं होतं, फाफडे आले त्याच क्षणी. आणि ती एक चिठ्ठी. लाल शाई. ठाशीव फुली. पहिली रेघ सरळ, पण दुसरी खाली येता येता वर वळलेली, विंचवाच्या नांगीसारखी. ती नांगी सुकदेवच्या मनात रुतून बसली. लाल पेन सगळ्यांकडे होतं, पण फुली हा ज्याचा त्याचा अंगठा असतो. माणूस सही बदलेल, फुली नाही बदलणार. वर्षाला हजारो मारतो. आणि नेमक्या त्या आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासायला सगळ्यांच्या टेबलावर पडले होते. लोक समोर बसून धडाधड फुल्या मारत होते. इतका सोपा तपास पोलिसांच्या वाट्याला कधी येत नाही.

मंगळवारी तो खडू शोधायच्या निमित्ताने देसाईच्या मागे जाऊन उभा राहिला. देसाईला स्वतःला मत द्यायची लाज वाटून त्याने इकडे दिलं असणं अशक्य नव्हतं. देसाईची फुली गोलमटोल निघाली, कामाच्या घाईतली, जवळजवळ गणितातल्या ‘क्ष’सारखी. नांगी नाही. पण तिथे उभा राहून देसाईच्या टकलाकडे बघता बघता सुकदेवला पंच्याऐंशी सालचा मे महिना आठवला. मंजुळाचं पोट अचानक दुखायला लागलं होतं, आणि ज्याच्याशी तोवर पाच वाक्यंही नीट झाली नव्हती तो हा देसाई सासऱ्यांची गाडी मागून घेऊन आला होता, तिला वापीला घेऊन गेला होता, आणि दवाखान्याच्या पायरीवर पाच तास बसून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला आयकराची कलमं समजावून सांगत होता. अपेंडिक्स निघालं. देसाईने नंतर एकदाही विषय काढला नाही. आपणही काढला नाही. आभार मानायचे राहून गेले होते. आज मानावेत तर पाच वर्षांनी माणूस चमकेल. “कांई जोईए छे, साहेब?” देसाईने मान वर न करता, काही हवंय का म्हणून विचारलं. “नाही, खडू,” सुकदेव म्हणाला. देसाईने खिशातून स्वतःचा खडू काढून दिला. सुकदेवने वर्गात जाऊन त्या खडूने काही लिहिलंच नाही.

बुधवारी शर्वरी टिपणीस. नाशिकहून आलेल्या इंग्रजीच्या बाई, सदा शाल घेतलेल्या, कॉलेजात त्यांचं आणि सुकदेवचं तेवढं मराठीत बोलणं होई. त्या मात्र त्याचं अहिराणी वळणाचं मराठी ऐकून डोळे किंचित मिटत. त्यांची फुली चोरटी, समासात कोपऱ्यात, मुलाला वाईट वाटू नये अशी. हीही नव्हे. पण सुकदेव तिथेच खुर्ची ओढून बसला आणि त्याला दुधनीची सहल आठवली. धरणाचं पाणी चढल्यावरचं दुसरं की तिसरं वर्ष. तो चाळीस मुलांना घेऊन जुन्या सर्व्हे नकाशाप्रमाणे चालत निघाला होता, हातात होकायंत्र, तोंडात व्याख्यान. आणि नकाशातला रस्ता सरळ पाण्यात गेला. भूगोलाचा प्राध्यापक मुलांना घेऊन जलाशयात शिरणार होता ही गोष्ट वर्षभर पुरली. त्या दिवशी काठावर सगळे हसत असताना टिपणीस बाई एकट्या गंभीर चेहऱ्याने पाण्याकडे बघत म्हणाल्या होत्या, “रस्ता तर आहे तिथेच आहे, सर. पाणीच वर आलंय.” तो चुकला नव्हता असं म्हणणारं ते एकच माणूस होतं. आणि अण्णा गेले तेव्हा अकरा दिवस त्याचे वर्ग बाईंनीच सांभाळले. मुलांना मान्सूनवरच्या इंग्रजी कविता शिकवल्या. मुलांनी परीक्षेत त्याच लिहिल्या. “सर, काही म्हणायचंय का?” बाईंनी विचारलं. “नाही,” तो म्हणाला, “शाल छान आहे.” बाईंनी डोळे मिटले नाहीत. हे त्याने घरी येऊन मंजुळाला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “शाल कोणत्या रंगाची होती?” ते काही त्याला सांगता येईना.

असं करता करता गुरुवारपर्यंत तो एका विचित्र अवस्थेला पोहोचला. मत कुणी दिलं ते कळेना, त्यामुळे कुणी दिलं नाही असं कुणाबद्दलच म्हणता येईना. चौदा माणसांपैकी प्रत्येक जण संशयित होता, आणि संशयिताशी नीट वागावं लागतं. तो सगळ्यांना आधी नमस्कार करू लागला. ग्रंथपालांचं जिना चढणं, प्राचार्यांचं खोकणं, केमिस्ट्रीवाल्याचं टेबलावर तबला वाजवणं, आजवर जे जे त्याला टोचत आलं होतं त्या प्रत्येकाच्या मागे एक झाकलेला मेहेरबान दिसू लागला. अकरा वर्षं आपण या खोलीत एकटे बसलो असं तो समजत आला होता; आता मागे वळून बघावं तर प्रत्येक वर्षात कुणीतरी खुर्ची सरकवून ठेवलेली. आपल्यालाच बसायचं सुचलं नाही. हा विचार त्याला सायकलवर येई, आंघोळीला बसला की येई, घास घेताना येई, आणि त्याने छातीत जे व्हायचं ते सुख होतं की अपचन हे ठरवायला बराच वेळ लागे. एक भीतीही होती. एवढी मोठी इमारत आपण एका फुलीवर उभी करतोय. ती फुलीच सापडली नाही तर? आणि सापडली तर?

शुक्रवारी ती सापडली. चार वाजताच्या चहाला तो नेहमीप्रमाणे वसंतभाई नायकांच्या टेबलाशी गेला. वसंतभाई गणिताचे, कॉलेजातले सगळ्यांत जुने, सगळ्यांत कडक. त्यांच्याकडे पास झालेला मुलगा लग्नाच्या बाजारात वेगळा मोजला जाई. अकरा वर्षं रोज चार वाजता हे दोघे एक चहा दोन बशांत पीत आले होते, आणि बोलत फारसे नसत. म्हणूनच बहुधा सुकदेवने तपासाची सुरुवात तिथून केली नव्हती. रोजच्या वाटेवरचं झाड कुणी मोजत नाही. वसंतभाईंच्या पुढ्यात एक पेपर उघडा होता आणि त्याच्या पानभर उभ्या होत्या नांग्या. लाल, ठाशीव, ओळीने. सुकदेव समोर बसला. चहा आला. वसंतभाईंनी अर्धा बशीत ओतून त्याच्याकडे सरकवला.

“वसंतभाई,” सुकदेव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “तुमचे उपकार कसे फेडू?”

“कसले?”

“मत. तुम्ही मला मत दिलंत.”

वसंतभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी? तुम्हाला? अरे बाविस्करभाई, काय बोलता? मी तर तुमच्या नावावर चोकडी मारली.”

“तीच. फुली.”

“हां. एटले, म्हणजे, खोटं. चूक. रद.” त्यांनी पुढ्यातल्या पेपरावर एक नांगी मारून दाखवली. त्या मुलाचं उत्तर बरोबर होतं की नाही देव जाणे. “एकतीस वर्सं मारतो. फुलीचा दुसरा अर्थ कधीपासून झाला?”

“परिपत्रकात होतं. प्राचार्यांनी वाचून दाखवलं.”

“मी पेपर तपासत होतो ने.” वसंतभाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. गणित चुकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. “म्हणजे मी तुम्हाला मत दिलं?”

“एकट्या तुम्हीच.”

“भारी चूक झाली.”

सुकदेवच्या आत जी इमारत आठवडाभर उभी राहत होती तिचा तळमजला निघाला. ती पडायची वाट बघत तो बशीकडे पाहत राहिला. घड्याळामागचं पाकीट डोळ्यांपुढे आलं. मग त्याने शांतपणे विचारलं, कारण आता विचारायला काहीच हरकत नव्हती, “माझ्यावर चोकडी का, वसंतभाई?”

“का म्हणजे? तुम्ही निवडून आला तर काय होणार? दर पंधरा दिवशी विद्यापीठात मीटिंग. तीन बस जायला, तीन यायला. देसाई जाऊ दे. त्याला फिरायला आवडतं. पण तुम्ही गेलात तर,” वसंतभाईंनी बशीकडे बोट केलं, “हा अर्धा चहा मी काय करू? आखा मला पचत नाही. तुम्हाला मालूम आहे.”

सुकदेवला मालूम होतं. त्याने बशी उचलली. चहा निवला होता, साय धरली होती, साखर नेहमीप्रमाणे जास्त. तो त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि बराच वेळ रिकाम्या बशीकडे असा बघत बसला की जणू तिच्या तळाशी एखादा जिल्हा होता. इमारत पडली नाही. तळमजला नसतानाही ती उभी होती, हे भूगोलात बसत नव्हतं. बसत नव्हतं तर नव्हतं. अकरा वर्षांत कुणी त्याला कशासाठी निवडलं नसेल. पण इथे एका माणसाने, गणिताच्या माणसाने, पुढचा सगळा हिशोब करून, तो हातचा जाऊ नये म्हणून त्याला लाल शाईने खोडलं होतं. आणि त्या तीन चिठ्ठ्या? बरोबरची खूण करून बाद झालेल्या? त्या कुणाच्या नावापुढे होत्या हे प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं. तार भिकाच्या खोलीत टांगलेली होती. जाऊन बघता आलं असतं. त्याने बघितलं नाही. तीन चिठ्ठ्या, चौदा माणसं. कुणालाच वगळायला नको.

“पेपर तपासणीचं केंद्र मात्र इथे यायला पाहिजे,” वसंतभाई म्हणाले. “ती मागणी बरोबर होती. देसाईला सांगतो.”

“मीच सांगतो,” सुकदेव म्हणाला. “मला त्याचे आभारही मानायचेत. जुने आहेत.”

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मंजुळा अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तो तिच्यासमोर पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. नांगी, चोकडी, अर्धा चहा, एकही गोष्ट न गाळता. ती ऐकताना खडे बाजूला टाकत राहिली. संपल्यावर तिचे हात थांबले.

“म्हणजे एकही मत नाही.”

“हिशोबाने नाही.”

“मग नाशिक?” तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. आवाज तिने अगदी साधा ठेवला होता, पण नजर कढीपत्त्याकडे गेली आणि तिथेच राहिली. “उद्या शनिवार. पेटीत टाकायचं तर सकाळीच टाकावं लागेल.”

सुकदेव उठून आत गेला. घड्याळामागून पाकीट काढलं, बाहेर आणलं, आणि तिकीट फुकट जाऊ नये म्हणून ते नखाने अलगद सोडवायला लागला. तिकीट काही सुटेना. “वसंतभाईंना आखा चहा पचत नाही,” तो म्हणाला, “डॉक्टरने सांगितलंय.” यापेक्षा भारदस्त कारण त्याच्याजवळ होतं. एका माणसाच्या नकारात किती होकार असतो, यावर पुलावरून येताना त्याने एक चांगलं लांबलचक वाक्य रचलं होतं, इतिहासाच्या बैलासकट. तो ते म्हणणार होता. त्याने घसा साफ केला.

मंजुळाने डोळे पुसले, नाक ओढलं, सूप परत मांडीवर घेतलं.

“मग उद्या कॉलेजात जाताय ना?”

“जातोय.”

“तो मतं टाकायला नेलेला माझा शंकरपाळ्यांचा डबा तेवढा घेऊन या. आणि झाकणाला कुणी भोक पाडलं, तेही जरा विचारून या.”